पक्षाघात आणि पहिला घास

पक्षाघाताचा झटका आलेल्या रोग्याचा हात उचलला जातो की नाही, त्याला बोललेले समजते की नाही, याकडे घरच्यांचे सारे लक्ष लागलेले असते. त्याला नीट खोकता येते की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः पुढल्या काही दिवसांत त्याचा जीव पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रोग्यांना गिळण्यास अडचण येते आणि अशांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतर पक्षाघातग्रस्तांच्या सुमारे तिप्पट असतो. निरोगी माणूस घास गिळताना क्षणभर श्वास थांबवितो. तरीही पाण्याचा थेंब श्वासनलिकेत गेलाच, तर ठसका लागतो. हा ठसका दिसतो तितका साधा नव्हे. आधी खोल श्वास घ्यावा लागतो, मग स्वरयंत्र घट्ट मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आवळून आत दाब साठतो आणि वाट उघडताच हवा जोराने बाहेर पडते. पक्षाघातात या साखळीची कोणतीही कडी निखळू शकते. श्वास उथळ होतो, स्नायू दुबळे पडतात. सर्वांत वाईट म्हणजे घशाची संवेदनाच बोथट झाल्याने काही रोग्यांना ठसका मुळीच येत नाही. अन्न मुकाट्याने फुप्फुसाकडे उतरते आणि नातेवाईक ‘खोकला नाही, म्हणजे ठीक आहे’ असे समाधान मानतात.

त्यातच ‘पोटात चार घास गेले पाहिजेत’ ही आपल्याकडची माया. आडव्या रोग्याच्या तोंडात चमच्याने पाणी, चहा घातला जातो. दुबळ्या घशाला घट्टसर पदार्थापेक्षा पातळ पाणीच आवरणे अनेकदा अधिक कठीण जाते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. दोष घरच्यांचा नव्हे.

प्रश्न व्यवस्थेचा आहे. रुग्णालयाच्या बिलात यंत्राचे भाडे दिसते, प्रतिजैविकांची किंमत दिसते, अतिदक्षता विभागातला एकेक दिवस दिसतो. टळलेल्या न्यूमोनियाचे बिल कोणी फाडीत नाही. म्हणून तो टाळण्याच्या कामाला वाली नसतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात 19 पक्षाघात विभागांत परिचारिकांनी पहिल्या तीन दिवसांत ताप, रक्तशर्करा आणि गिळणे या तीनच गोष्टींवर नियमबद्ध लक्ष ठेवण्याचा प्रयोग झाला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नव्वद दिवसांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या विभागांत 58 टक्के, तर या विभागांत 42 टक्के होते. अर्थात हे श्रेय एकट्या गिळण्याच्या तपासणीचे नव्हे. पण यात महागडे यंत्र कोठेच नव्हते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

रोगी पुरता जागा आहे काय, टेकून बसू शकतो काय, सांगितल्यावर जोराने खोकतो काय, घोटभर पाण्यानंतर त्याचा आवाज ओलसर होतो काय, एवढे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. ते पाहिल्याविना तोंडाने गोळीसुद्धा देऊ नये, हा नियम प्रत्येक जिल्हा रुग्णालयात लागू करता येईल. मुका धोका या चाचणीतूनही निसटतो. शंका असल्यास दुर्बिणीने वा क्ष-किरणांखाली तपासणी करावी लागते आणि वाचा-उपचारतज्ज्ञ लागतो. मुंबईत 1983 पासून असे तज्ज्ञ घडविणारी राष्ट्रीय संस्था आहे, तथापि मोठ्या शहरांबाहेर हे तज्ज्ञ क्वचितच भेटतात. श्वासाच्या स्नायूंचे बळ वाढविणारी छोटी उपकरणेही आता विकली जातात. त्यांनी फुंकर जोरकस होते. न्यूमोनिया टळतोच, असे मात्र अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. तेव्हा दुर्मिळ पैसा आधी परिचारिकांच्या संख्येवर व शिक्षणावर खर्च व्हावा, हेच तर्कसंगत.

घरी सोडताना रोग्याच्या कागदावर रक्तदाबाच्या गोळ्या नेमाने लिहिलेल्या असतात. ताठ बसवून भरवावे, लहान घास द्यावा, दात व जीभ रोज स्वच्छ ठेवावी, भरविल्यावर लगेच निजवू नये, एवढा मजकूर त्याच कागदावर मराठीत छापला, तर खर्च शाईचाच येईल.