दिव्यांग बालकांचे पलंग : प्रश्न काही मिलिमीटरांचा

पलंगाला कठडा लावला की मूल सुरक्षित झाले, असे आपण सहज धरून चालतो. ब्रिटनच्या औषधे व वैद्यकीय उपकरणे नियामक संस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला राष्ट्रीय इशारा ह्या समजुतीस धक्का देणारा आहे. वैद्यकीय पलंग, कठडे व तत्सम साधनांशी निगडित १८ मृत्यू आणि ५४ गंभीर दुखापती २०१८ ते २०२२ या काळात तिच्याकडे नोंदल्या गेल्या. पडणे आणि फटीत अडकणे ही त्यांतील प्रमुख कारणे. ह्या आकड्यांत प्रौढ रुग्णही आहेत. परंतु लहान मुले व वेगळी शरीररचना असलेल्या व्यक्ती यांचा विचार स्वतंत्रपणे करावा, असे संस्थेने बजावले आहे.

दोष नेहमीच निष्काळजीपणाचा नसतो. पुष्कळदा तो मापाचा असतो. प्रौढांच्या पलंगाचे आंतरराष्ट्रीय मानक किमान १४६ सेंटिमीटर उंची व ४० किलो वजनाची व्यक्ती गृहीत धरते. त्याच्या कठड्यात १२० मिलिमीटरपर्यंतची फट चालते, कारण प्रौढाचे डोके तीतून जात नाही. बालकाचे अंग मात्र त्याच फटीतून घसरते आणि डोके अडकते. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलास स्वतःला मागे ओढता येत नाही, कित्येकदा हाकही मारता येत नाही. म्हणूनच मुलांच्या पलंगांसाठीच्या २०१७ च्या युरोपीय मानकात ही मर्यादा ६० मिलिमीटर आहे. येथे वय गौण ठरते. चौदा वर्षांचा कृश मुलगाही बालकांच्या मापात बसू शकतो.

गादीचेही तसेच. जाड गादी घातली की कठडा आपोआप ठेंगणा होतो. हवेची गादी कडेला दबली की नवी फट उघडते. चाकाच्या खुर्चीत कमरेचा पट्टा सैल राहिला तर मूल खाली घसरते व छातीचा पट्टा गळ्याशी येतो.

भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली, हे स्वागतार्हच. पण घरातला पलंग बहुधा भाड्याने आणलेला, किंवा कोणा आजोबांच्या पश्चात मायेने दिलेला असतो. देणाऱ्याच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. तथापि असा पलंग स्वीकारण्यापूर्वी व्यवसायोपचार तज्ज्ञाकडून मुलाचे आणि पलंगाचे माप घ्यावे, मूल वाढेल तसे ते पुन्हा घ्यावे, आणि पलंग भाड्याने देणाऱ्यांकडे फटींचे माप लेखी मागावे, असे आम्ही पालकांना सुचवू इच्छितो.