निकालाची शिक्षा न्यायाधीशाला नको

अमेरिकेतल्या सुमारे २० राज्यांत अपिली न्यायाधीशांना, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या आणि त्याखालच्या अपील न्यायालयांतल्या न्यायाधीशांना, ठरावीक वर्षांनी मतदारांपुढे उभे राहावे लागते. ही निवडणूक नेहमीसारखी नसते. समोर प्रतिस्पर्धी नसतो आणि नावापुढे पक्षाचे नाव नसते. मतपत्रिकेवर एकच प्रश्न छापलेला असतो: या न्यायाधीशांना पदावर कायम ठेवावे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. बहुतेक राज्यांत ‘हो’ची मते निम्म्याहून जास्त पडली की न्यायाधीश पुढच्या मुदतीसाठी राहतात, नाहीतर पद सोडतात. न्यू मेक्सिकोत मात्र ५७ टक्के आणि इलिनॉयमध्ये ६० टक्के मते लागतात. मुदतही राज्यागणिक बदलते. सर्वोच्च न्यायालयापुरते बोलायचे तर आयोवात ती ८ वर्षांची, पेनसिल्व्हेनियात १० आणि मिझूरी व कॅलिफोर्नियात १२ वर्षांची आहे.

कॅलिफोर्निया, इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत हजारो मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत, आणि त्यांतल्या नागरिकत्व घेतलेल्यांच्या हाती ही मतपत्रिका येते. भारतातून गेलेल्या माणसाला हा प्रकार नवखा असतो. भारतात न्यायाधीशासाठी मतदान होत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवायचे तर सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा अक्षमता दाखवावी लागते आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत मिळवावे लागते. अमेरिकेतल्या या राज्यांत त्याच कामाला मतपत्रिकेवरची एक खूण पुरते आणि कारण सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. ही पद्धत ज्या हेतूने आणली गेली त्याच्या नेमके उलट काम ती आज करते आहे. अपिली न्यायाधीशांसाठी तरी ती बंद झाली पाहिजे.

हेतू चांगला होता, हे आधी सांगायला हवे. मिसिसिपीने १८३२ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४६ मध्ये न्यायाधीशांची थेट निवडणूक स्वीकारली, तेव्हा गव्हर्नरच्या मर्जीतल्या माणसांची न्यायासनावर वर्णी लागू नये हा उद्देश होता. झाले असे की गव्हर्नरची जागा पक्षाच्या शहरी पुढाऱ्यांनी घेतली. उमेदवारी त्यांच्या हातात, म्हणून न्यायाधीशही त्यांच्या मुठीत. मिझूरीतल्या कॅन्सस सिटीत टॉम पेंडरगास्ट याचा असाच एकछत्री अंमल होता. १९३९ मध्ये आयकर चुकवल्याबद्दल तो तुरुंगात गेला तेव्हा हा अंमल मोडला. अल्बर्ट केल्स या कायद्याच्या प्राध्यापकाने १९१४ च्या सुमारास मधला मार्ग सुचवला होता: न्यायाधीशाची नेमणूक व्हावी आणि पुढे लोकांनी प्रतिस्पर्ध्याविना ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावे. कॅलिफोर्नियाने १९३४ मध्ये अपिली न्यायाधीशांसाठी असा कौल सुरू केला. मिझूरीच्या मतदारांनी १९४० मध्ये त्याला निवड आयोगाची जोड दिली. अपील न्यायालयांसाठीच्या या सात जणांच्या आयोगात सर्वोच्च न्यायालयाचा एक न्यायाधीश, वकिलांनी निवडलेले तीन वकील आणि गव्हर्नरने नेमलेले तीन सामान्य नागरिक असतात. आयोग तीन नावे पाठवतो आणि गव्हर्नर त्यांतले एक निवडतो. न्यायाधीशाने किमान वर्षभर काम केले की पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार पहिला कौल देतात.

कॅन्सस राज्य या वाटेला कसे लागले, तेही पाहण्यासारखे आहे. गव्हर्नर फ्रेड हॉल १९५६ मध्ये स्वतःच्याच पक्षाची उमेदवारी हरले. पद सोडायला थोडे दिवस उरले असताना सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांनी राजीनामा दिला, पाठोपाठ हॉल यांनीही दिला आणि नायब गव्हर्नर जॉन मॅक्यूश गव्हर्नर झाले. त्यांनी रिकाम्या झालेल्या त्या जागेवर नेमले ते हॉल यांनाच. हा उघड बनाव पाहून लोक संतापले आणि १९५८ मध्ये राज्यघटना दुरुस्त झाली.

म्हणजे या पद्धतीचा चांगला भाग म्हणजे निवड आयोग. दोष आहे तो त्याच्या शेपटीला जोडलेल्या कौलात.

एरवी या कौलाकडे कोणी पाहतही नाही. अध्यक्ष, गव्हर्नर, सिनेटर यांच्या नावांवर खुणा करून झाल्या की मतदार थकतो. न्यायाधीशांचे प्रश्न मतपत्रिकेच्या तळाशी किंवा मागच्या पानावर असतात आणि पुष्कळ जण ते कोरेच सोडतात. जे खूण करतात त्यांतले बहुतेक सवयीने ‘हो’ म्हणतात. त्यामुळे कौलाला सामोरे जाणाऱ्या शंभरातले अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव न्यायाधीश सहज तरून जातात. आळशी न्यायाधीश त्यांत तरतो, निकालपत्रे वर्षानुवर्षे लांबवणारा तरतो आणि वकिलांशी उर्मटपणे वागणाराही तरतो. लोकांपुढे उत्तरदायी राहण्याची सोय म्हणून जिचे समर्थन होते, तिला खरा नालायक माणूस सहसा सापडतच नाही.

सापडतो कोण, याची उत्तरे नावानिशी देता येतात. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर १९८६ मध्ये सरन्यायाधीश रोझ बर्ड आणि त्यांचे सहकारी क्रूझ रेनोसो व जोसेफ ग्रोडिन यांना मतदारांनी एकाच दिवशी घरी पाठवले. बर्ड त्या राज्याच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश आणि रेनोसो त्या न्यायालयातले पहिले लॅटिनो न्यायाधीश. समोर आलेल्या ६० हून अधिक फाशीच्या प्रकरणांपैकी एकातही बर्ड यांनी फाशी कायम केली नव्हती, हा प्रचाराचा मुद्दा होता. तो मुद्दा गांभीर्याने घेण्याजोगा आहे, कारण फाशी हा त्या राज्याचा कायदा होता. पण प्रचाराच्या आघाडीवर असलेले गव्हर्नर जॉर्ज ड्यूकमेजियन यांना त्या पराभवातून काय मिळाले, तेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. सात जणांच्या न्यायालयात तीन जागा एकदम रिकाम्या झाल्या आणि त्या भरण्याचा अधिकार त्यांचाच होता. ‘नाही’ म्हणणारा मतदार पुढचा न्यायाधीश निवडत नाही. ती निवड बहुतेक ठिकाणी शेवटी गव्हर्नरच्याच हाती जाते. न्यायपालिकेला राज्यकर्त्यांच्या पकडीतून सोडवण्यासाठी आणलेले साधन राज्यकर्त्यानेच वापरावे आणि त्याचे फळही त्यालाच मिळावे, हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा दोष आहे.

टेनेसीत दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपीची दोषसिद्धी कायम ठेवली, पण फाशीची शिक्षा रद्द करून शिक्षेची सुनावणी नव्याने घ्यायला सांगितले. शिक्षेबाबतच्या त्या आदेशाशी सगळेच न्यायाधीश सहमत होते. ऑगस्ट १९९६ च्या मतपत्रिकेवर मात्र त्यांच्यापैकी एकट्या पेनी व्हाइट यांचे नाव होते. सर्वोच्च न्यायालयात आल्यापासून त्यांनी ऐकलेले फाशीचे ते एकमेव प्रकरण, आणि त्यांना पद गमवावे लागले. निकाल देताना आपले पद जाईल का याचा विचार न्यायाधीशांनी करावा का, असे विचारले असता गव्हर्नर डॉन संडक्विस्ट यांनी तशी आपल्याला आशाच आहे, असे उत्तर दिले. व्हाइट यांच्या जागी नेमणूक केली ती संडक्विस्ट यांनीच.

आयोवाचे उदाहरण यापेक्षा स्पष्ट आहे. ३ एप्रिल २००९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा परवाना नाकारणे राज्यघटनेतल्या समानतेच्या कलमाशी विसंगत आहे. पुढच्या वर्षी सरन्यायाधीश मार्शा टर्नस, मायकेल स्ट्राइट आणि डेव्हिड बेकर यांच्या कौलाची पाळी आली. राज्याबाहेरच्या संघटनांनी पैसा ओतला. न्यायाधीशाने मते मागत फिरू नये, देणग्या गोळा करू नयेत, या विचाराने तिघांनीही प्रचार केला नाही. तिघेही हरले. टर्नस यांची नेमणूक रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी केली होती, तेव्हा पक्षनिष्ठेचा आरोपही त्यांच्यावर टिकण्यासारखा नव्हता. ते निकालपत्र ज्यांनी लिहिले त्या मार्क केडी यांचे नाव त्या वर्षी मतपत्रिकेवर नव्हते. २०१६ मध्ये ते आले तेव्हा राग शमलेला होता आणि ते सुखरूप राहिले. तोच निकाल, तीच सही. शिक्षा कोणाला व्हायची ते मुदत संपण्याच्या तारखेने ठरवले. निकाल मात्र एका शब्दानेही बदलला नाही, कारण घटनेचा अर्थ या मतदानाने बदलतच नाही. ज्यांना तो निकाल मान्य नव्हता त्यांच्यासाठी घटनादुरुस्तीचा रस्ता उघडा होता.

पेनसिल्व्हेनियात २००५ मध्ये तर निकालाचाही संबंध नव्हता. जुलैमधल्या एका रात्री दोन वाजता, जाहीर चर्चा न करता, विधिमंडळाने स्वतःची, न्यायाधीशांची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची पगारवाढ मंजूर केली. लोक खवळले ते योग्यच होते. पण त्या नोव्हेंबरात आमदार मतपत्रिकेवर नव्हते, सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश होते. त्यांतले रसेल निग्रो पडले. आमदारांवरचा राग निघाला तो न्यायाधीशावर.

पडलेल्यांची संख्या थोडी आहे, मग एवढी चिंता कशाला, असे विचारले जाते. खरी चिंता न पडलेल्यांची आहे. कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती ऑटो कॉस १९८२ मध्ये कौलाला सामोरे जात असताना त्यांच्यापुढे गुन्हेगारीविषयक एका वादग्रस्त सार्वमताच्या वैधतेचा खटला आला. पुढे त्यांनी मोकळेपणाने सांगितले की त्या खटल्यात आपल्या मताला निवडणुकीच्या विचाराने नकळत किती वळण दिले, हे आपल्याला आजही ठाऊक नाही. डोक्यावरच्या निवडणुकीकडे दुर्लक्ष करायचे म्हणजे न्हाणीघरातल्या टबमध्ये मगर आहे हे विसरून दाढी करायची, असे ते म्हणत. हा प्रामाणिक माणसाचा कबुलीजबाब आहे. जे बोलत नाहीत त्यांच्या मनात काय चालते ते कळण्याचा मार्ग नाही. ग्रेगरी ह्यूबर आणि सॅनफर्ड गॉर्डन या अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनियातल्या खालच्या न्यायालयांचे शिक्षेचे आकडे तपासले आणि २००४ मध्ये दाखवून दिले की कौल जवळ येतो तसतशी न्यायाधीशांनी दिलेली शिक्षा लांबत जाते. गुन्हा तोच, कायदा तोच, तुरुंगातला काळ मात्र निवडणुकीच्या तारखेवर अवलंबून. पहिल्या पायरीवर हे होत असेल, तर ते दुरुस्त करण्याचे काम ज्या अपील न्यायालयाचे, त्याच्याच मानेवर तीच टांगती तलवार ठेवणे अक्षम्य आहे.

आणि पैसा. आयोवातल्या तिघांनी तो जमवला नाही म्हणून ते हरले. इलिनॉयचे न्यायमूर्ती थॉमस किलब्राइड यांनी २०१० मध्ये जमवला म्हणून ते वाचले. वैद्यकीय हलगर्जीच्या नुकसानभरपाईवरची कमाल मर्यादा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली होती, त्यावरून व्यापारी संघटना त्यांच्यामागे लागल्या. उत्तर देण्यासाठी त्यांना लाखो डॉलर उभे करावे लागले आणि त्यात मोठा वाटा त्यांच्याच पक्षाचा होता. पक्षाच्या पैशाने वाचलेल्या न्यायाधीशापुढे पक्षाचा खटला आला तर लोकांनी काय समजायचे? २०२० मध्ये पुन्हा कौल झाला. या वेळी निम्म्याहून जास्त मतदार ‘हो’ म्हणाले, तरी ६० टक्के न भरल्याने किलब्राइड हरले.

हा एका पक्षाचा उद्योग नाही. आयोवात उजव्या संघटना होत्या. ॲरिझोनात २०२४ मध्ये १८६४ सालचा गर्भपातबंदीचा कायदा लागू ठरवणाऱ्या दोन न्यायाधीशांविरुद्ध डाव्या बाजूने मोहीम काढली. ते दोघे टिकले. त्याच दिवशी ओक्लाहोमात १९८४ पासून न्यायासनावर असलेल्या यव्हॉन कॉगर थोड्या मतांनी पडल्या. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हे प्रथमच घडले. आज ज्याला ही मोहीम गोड वाटते, त्याच्या आवडत्या न्यायाधीशावर ती उद्या उलटते.

ॲरिझोनाच्या मतदारांनी त्याच निवडणुकीत हा कौल जवळपास रद्द करण्याचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला, हे खरे. पण तो प्रस्ताव पूर्वलक्षी होता: त्याच दिवशी दिलेली मते त्याने बाद ठरली असती. लोकांना ते मान्य होणे शक्यच नव्हते. हातातला अधिकार काढून घ्यायचा तर बदल्यात खात्रीची व्यवस्था द्यावी लागते. ती देता येते. हवाईमध्ये न्यायाधीशाची दहा वर्षे संपली की त्याला ठेवायचे की नाही हे मतदार ठरवत नाहीत, निवड आयोग कामाची तपासणी करून ठरवतो. गैरवर्तनाची चौकशी करणारी स्वतंत्र मंडळे आज पन्नासही राज्यांत आहेत. लाचखोर, व्यसनी किंवा पक्षपाती न्यायाधीशाला पुरावा आणि सुनावणीनंतर काढण्याची सोय तिथे आहे. तिला जोड हवी ती एकाच दीर्घ मुदतीची: आयोगामार्फत निवड, साधारण १५ वर्षांचा एकच कार्यकाळ, फेरनेमणूक नाही, फेरकौल नाही. ज्याला पुन्हा कोणापुढे उभे राहायचे नाही, त्याला कोणाला खूष ठेवण्याचे कारण उरत नाही.

हा बदल राज्यघटना दुरुस्त करूनच होईल आणि त्याला वर्षे लागतील. तोवर मतपत्रिका येत राहील. मतदारांनी न्यायाधीशांचे प्रश्न कोरे सोडू नयेत. कोऱ्या जागा संघटित मोहिमेच्या पथ्यावर पडतात. अलास्का, कोलोराडो, ॲरिझोना, युटा अशा राज्यांत न्यायाधीशांच्या कामाचे मूल्यमापन सरकारी खर्चाने प्रसिद्ध होते, ते वाचावे. जिथे ते नाही तिथे वकील संघटनांचा अभिप्राय पाहावा. न्यायाधीश वेळेवर निकाल देतात का, कारणे नीट लिहितात का, दोन्ही बाजू ऐकतात का, हात स्वच्छ आहेत का, एवढेच तपासावे. एखादा निकाल पटला नाही म्हणून ‘नाही’ म्हणू नये आणि पटला म्हणून ‘हो’ही म्हणू नये. आपल्या मतदारसंघातल्या आमदाराला पत्र लिहावे, एकाच दीर्घ मुदतीची दुरुस्ती मागावी आणि हे पत्रक शेजारच्या घरी द्यावे.