वेचणीच्या दिवसांत पाणी कोण घालणार?

पावसाळा लागला की अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यासारख्या गावात श्रमदानाला उधाण येतं. लेआउटमधल्या मोकळ्या जागेत खड्डे होतात, रोपं लागतात, फोटो निघतात. पण वस्तीची सामाईक परसबाग टिकते की वाळते, ते दिवाळीनंतर ठरतं. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) यांचा खरा हंगाम तोच. आणि रोजमजुरीवर जगणाऱ्या बाया नेमक्या तेव्हाच सकाळी-सकाळी कापूस वेचायला निघतात. स्वयंसेवकाची गरज आहे ती इथं, पाण्याला आणि निंदणाला. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्यानं वर्षाला १२० तास द्यायचे असतात. रोज अर्धा तास धरला तर २४० दिवस निघतात, म्हणजे अख्खा हिवाळा पार पडून वर उरतात. मात्र तासांसोबत मातीही कळायला हवी. तेल्हारा तालुक्याचा दक्षिण भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथलं बोअरचं खारं पाणी वाफ्याला देत राहिलं की काळी माती चोपण होते. साबणाच्या सांडपाण्यातही सोडियम असतं, त्यामुळे तेही नको. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. बीट अशा जमिनीत तग धरतं, घेवडा मान टाकतो. काय पेरायचं हे मात्र ज्यांच्या चुलीवर भाजी शिजणार त्या बायांनीच सांगावं. अंबाडी मागणाऱ्या घरासमोर ब्रोकोलीचा वाफा कशाला? स्वयंसेवकानं जाऊन एवढंच विचारावं: मावशी, वेचणीला कधी निघता, आणि तुमच्या मागं कोणत्या वाफ्याला पाणी घालू?