उपग्रहाने मोजलेली ओल : नोंद सलग राहिली तरच कामाची

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ उपग्रह झेपावला. इस्रो आणि नासा यांच्या या संयुक्त उपग्रहावर दोन रडार आहेत. त्यांच्या निरीक्षणांवरून शेतजमिनीतील ओलावाही काढता येतो. ‘आता मोबाईलवर शेतातली ओल दिसणार का?’ असा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. त्याचे उत्तर समजून घेऊ.

ओल कशी मोजतात?

साधा कॅमेरा असलेल्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही, त्यामुळे ऐन खरिपात तो निरुपयोगी ठरतो. सूक्ष्मलहरी मात्र ढगांतून आरपार जातात. प्रत्येक जमीन अशा मंद लहरी बाहेर टाकत असते. कोरडी जमीन जास्त टाकते, ओली कमी. हा फरक टिपून ओल काढली जाते. युरोपचा ‘स्मॉस’ (२००९) आणि नासाचा ‘स्मॅप’ (२०१५) याच पद्धतीने काम करतात. ‘निसार’ स्वतः लहरी सोडून परत आलेला प्रतिध्वनी वाचतो.

सलग नोंद का हवी?

‘यंदा जमीन कोरडी आहे’ एवढे सांगून भागत नाही. नेहमीपेक्षा किती कोरडी, हे सांगावे लागते. हे ‘नेहमीचे’ वीस-तीस वर्षांच्या नोंदींतून ठरते. उपग्रह मात्र इतकी वर्षे टिकत नाहीत. म्हणून जुना चालू असतानाच नवा वर जावा लागतो आणि दोघांची मोजणी ताडून पाहावी लागते. नाहीतर यंत्र बदलल्याने आलेला फरक हवामानाचा बदल समजला जातो. जपानी संवेदक ‘एएमएसआर-ई’ ऑक्टोबर २०११ मध्ये थांबला आणि पुढचा मे २०१२ मध्ये अवकाशात गेला. मधला खंड इतर उपग्रहांच्या आधाराने सांधावा लागला.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८७ पासून चालत आलेल्या सूक्ष्मलहरी संवेदकांच्या मालिकेची माहिती देणे थांबवण्याचे जाहीर केले होते. टीका झाल्यावर तो निर्णय मागे पडला. पण एका कार्यालयाच्या आदेशाने अशी मालिका तुटू शकते, हे त्यातून दिसले.

हा प्रश्न आपल्याही बांधापर्यंत येतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत जमिनीतील ओलावा हा एक निर्देशक आहे. तुलनेचा पायाच कच्चा असेल, तर खरा दुष्काळही कागदावर सौम्य दिसू शकतो.

तुम्ही काय करावे?

- ‘स्मॅप’च्या मूळ नकाशातील एक चौकोन सुमारे ३६ किमी लांब-रुंद असतो. त्यात हलकी आणि भारी जमीन एकत्र येते. ‘निसार’चा ओलावा सुमारे २०० मीटरच्या तपशिलात देण्याचे नियोजन आहे, तरीही तो एकेका वाफ्याचा नसेल.
- उपग्रहाला साधारण वरच्या ५ सेंमी थरातील ओल कळते. मुळांजवळची ओल त्यावरून थेट कळत नाही.
- म्हणून नकाशा पाहून पेरणी करू नका. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, खुरप्याने उकरून ओल किती खोल गेली ते पाहून, वापसा आल्यावरच पेरा.
- कृषी सहायकांनी गावातील पाऊस, पावसाचे खंड आणि ओलीची खोली तारखेसह वहीत लिहावी. उपग्रहाची मोजणी पडताळायला जमिनीवरच्या अशाच नोंदी लागतात, आणि त्याही वर्षानुवर्षे सलग हव्यात.