१ मे : सुट्टी कोणाची?

१ मे रोजी सावंतवाडीत ध्वजवंदन होते, भाषणे होतात आणि समारंभ संपतो. या तारखेस तीन अर्थ आहेत. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९८१ साली याच दिवशी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. आणि या दोहोंच्या कितीतरी आधीपासून जगभर हा दिवस कामगारांचा आहे. पहिल्या दोन अर्थांना राजमान्यता लाभली. तिसरा मात्र भाषणातील एका वाक्यापुरता उरला आहे.

वस्तुतः या दिवसाच्या मुळाशी सुट्टीची नव्हे, वेळेची मागणी होती. १८८६ साली अमेरिकेतील कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी संप केला आणि शिकागोत रक्त सांडले. १८८९ च्या पॅरिस परिषदेने पुढील वर्षीच्या १ मे रोजी सर्व देशांत निदर्शने करण्याचे ठरविले. त्याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळविली. श्रमिकाच्या आयुष्यावर मालकाचा अमर्याद हक्क नाही, हेच तत्त्व दोन्हीकडे होते.

या इतिहासाशी सावंतवाडीचे नाते रक्ताचे आहे. मुंबईच्या गिरण्या कोकणच्या माणसांनी चालविल्या आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर येथील घरे चालली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव अग्रभागी होते. म्हणजे महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन यांची फारकत करणे हे इतिहासाशीच प्रतारणा करणे होय. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. संघटित कामगाराचा वारसा मात्र असंघटितांपर्यंत पोहोचला नाही.

आज या परिसरात काजू सोलणाऱ्या स्त्रिया आहेत. टरफलातील तेलाने त्यांचे हात भाजतात. जिथे मोबदला वजनावर मोजला जातो, तिथे काम बंद म्हणजे मजुरी बंद. अशा स्त्रीला १ मे ही सुट्टी नसून दंड आहे. २०१७ च्या राज्य कायद्याने दहा वा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत वर्षाला ८ पगारी सुट्ट्या दिल्या, त्यांत १ मे आहे. परंतु कागदावरचा हक्क शेडपर्यंत आपोआप चालत येत नाही, आणि लहान शेड तर या आकड्याखालीच राहतात.

लहान उद्योगाला हा भार झेपणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. हिशेब साधा आहे. वर्षाकाठी ३०० दिवस काम धरले, तर एका दिवसाची मजुरी म्हणजे वार्षिक मजुरीच्या एक टक्क्याचा तिसरा हिस्सा. एकूण खर्चात मजुरी हाच एक भाग, त्याचा हा अंश. एवढ्याने कोणता धंदा बुडतो?

उलट वारे दुसऱ्याच दिशेने वाहत आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. ज्या मागणीतून हा दिवस जन्मला, तिच्याच विरुद्ध ही पावले आहेत.

म्हणून कार्यकर्त्यांनी १ मे केवळ साजरा करू नये. वजनावर काम करणाऱ्या प्रत्येकीस त्या दिवशी तिच्या सरासरी रोजाइतकी मजुरी मिळावी, ही मागणी घेऊन शेडशेडला जावे. जिला विसावा घेऊनही चूल पेटविता येते, तिचीच सुट्टी खरी.