‘काळाच्या पुढे’ हा शेरा आणि हवेतून जाणारा प्रकाश

१/ तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा विजेत्यांची नामावली म्हणून लिहिला जातो. जे रुजले नाही, त्यावर ‘काळाच्या पुढे होते’ असा शेरा मारून पान उलटले जाते. हा शेरा गौरवाचा भासतो. पण त्यामुळे अपयशाची खरी कारणे शोधण्याचे कष्ट वाचतात. वेगवान नेटवर्क स्विचमधील प्रकाशजोडणीची कहाणी याचा बोलका दाखला आहे.

२/ मोठ्या स्विचच्या कपाटात अनेक सर्किट बोर्ड उभे असतात. पाठीमागच्या ‘बॅकप्लेन’वरील तांब्याच्या मार्गांनी ते परस्परांशी जोडलेले असतात. वेग वाढला की तांब्यातील संकेत क्षीण होतो, शेजारच्या मार्गांतील संकेतही त्यात मिसळतो. प्रकाशकिरण मात्र एकमेकांना छेदून गेले तरी अबाधित राहतात. मग फायबरही नको. एका बोर्डावरून दुसऱ्यावर थेट हवेतूनच किरण का धाडू नयेत?

३/ १९८४ मध्ये जोसेफ गुडमन व सहकाऱ्यांनी चिपसाठी प्रकाशजोडणीचा सविस्तर विचार मांडला. त्याच वर्षी बेल लॅब्समध्ये डेव्हिड मिलर यांच्या गटाने ‘सीड’ हे प्रकाशाला प्रतिसाद देणारे उपकरण सादर केले. १९९३ मध्ये तेथील संशोधकांचे, अशाच उपकरणांवर उभारलेले सहा टप्प्यांचे स्विचिंग जाळे प्रसिद्ध झाले. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातही त्या दशकात प्रकाशाच्या बॅकप्लेनवर प्रयोग झाले.

४/ भौतिकशास्त्र खरे ठरले. अडचण कपाटात होती. किरण अतिसूक्ष्म शोधकावर नेमका पडावा लागतो. पण पंख्यांनी कपाट थरथरते, उष्णतेने धातू प्रसरण पावतो, भिंगांवर धूळ बसते आणि तंत्रज्ञ चालू यंत्रातूनच बोर्ड काढून नवा बसवतो. दरम्यान विस्कटलेला संकेत सावरणारी सर्किटे आली आणि तांब्याचे आयुष्य वाढले.

५/ हा धडा जुनाच होता. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ‘फोटोफोन’द्वारे सूर्यकिरणावरून आवाज सुमारे २१३ मीटर दूर पोहोचवला. टेलिफोनपेक्षाही हा शोध त्यांना थोर वाटे. धुके आणि पाऊस यांना त्याचे काही वाटले नाही.

६/ २०२२ मध्ये गूगलने आपल्या डेटा सेंटरमधील १३६ × १३६ जोडण्यांच्या प्रकाशीय स्विचचा तपशील प्रसिद्ध केला. त्यात प्रकाश सूक्ष्म आरशांवरून हवेतूनच जातो. मात्र हा मार्ग एकाच पेटीच्या आत आहे, आरशांवर कॅमेऱ्यांची नजर असते आणि जुळवणी सतत सुधारता येते. जुनी कल्पना जशीच्या तशी परतलेली नाही; तिला सांभाळता येईल अशी जागा मिळाली.

७/ म्हणून ‘काळाच्या पुढे’ हे उत्तर अपुरे आहे. बोर्डाबोर्डांमधला तो किरण १९९३ मध्ये ज्या थरथरीने चुकला असता, तिनेच तो आजही चुकेल. फसलेल्या यंत्राचा इतिहास लिहिताना ते किती वेगवान होते याच्या आधी, ते रोज कोण पुसणार होते आणि बिघडल्यावर कोण दुरुस्त करणार होते, हे विचारले पाहिजे.