फौजीच्या बायकोचं नाव कागदावर कधी येणार?

'भारत माता की जय' म्हणताना आपला आवाज मोठा असतो. २०२५ च्या मे महिन्यात तो नागपूर स्टेशनवरही ऐकला. ७ मे ला 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झालं, सुट्ट्या रद्द झाल्या, घरी आलेले जवान हातची कामं टाकून परत निघाले. हार, तिरंगा, मोबाईलचे कॅमेरे. सगळं मनापासून होतं, त्याला माझी ना नाही.

पण मंडळी, आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. फौजेतला पोरगा सुट्टी काढतो ती बहुधा तेव्हाच. त्यामुळे त्या आठवड्यात राज्यात कितीतरी घरांतून अंगाची हळद उतरायच्या आत नवरदेव ड्युटीवर गेले. त्यांचे फोटो आपण शेअर केले. १० मे ला गोळीबार थांबला, आठवडाभरात आयपीएल परत सुरू झालं, आणि मागे राहिलेल्या त्या पोरी आपण विसरलो.

मौदा तालुक्यातल्या अशाच एका घरी नंतर गेलो होतो. सून बावीस-तेवीसची. सासू म्हणाली, "भाऊ, फोटो काढाले सारे आले, कागदासाठी कोणीच नाही आलं."

कागदाचं काय ते सांगतो. लग्न लागलं म्हणून फौजेच्या दप्तरात बायकोचं नाव आपोआप चढत नाही. जवानाला विवाह नोंदणीचा दाखला युनिटला द्यावा लागतो, मग 'पार्ट टू ऑर्डर' निघते, आणि तेव्हा कुठं तिची नोंद होते. मिलिटरी हॉस्पिटल, कॅन्टीन, उद्या फॅमिली पेन्शन, सगळं या नोंदीवर चालतं. आणि दाखल्यासाठी नवरा-बायको दोघांनी निबंधकापुढं जावं लागतं, सोबत तीन साक्षीदार. नवराच सीमेवर, तर सही कोण करणार?

देव न करो, पण त्या दिवसांत काही बरंवाईट झालं असतं, तर त्या पोरीला दुःखाच्या आधी आपण बायको आहोत हेच सिद्ध करत फिरावं लागलं असतं.

लग्नघरात असले विषय काढणं अपशकुनी वाटतं, हे मला कळतं. पण आपण तोंड मिटून बसलो की ओझं त्या एकटीवर पडतं.

कामठीची छावणी २०० वर्षांची, गार्ड्स रेजिमेंटचं केंद्रही तिथंच. आपल्या जिल्ह्याला फौज नवी नाही. मग एवढं तरी व्हावं: खेड्यात विवाह निबंधक ग्रामसेवकच असतो, त्यानं फौजीच्या लग्नाची नोंद लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर मदतीची 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली, ती गावात कुणीतरी समजावून सांगावी. जवान सीमेवर असताना त्याच्यावरचा दिवाणी दावा पुढं ढकलता यावा म्हणून १९२५ पासून कायदा आहे, हेही किती घरांना माहीत आहे?

यातल्या एकाही कामाला मोठा निधी लागत नाही.

तुमच्या गावात, गल्लीत फौजीचं लग्न असेल तर आहेर द्या, नका देऊ. नोंदणीला साक्षीदार म्हणून मात्र नक्की जा.